डावं-उजवं कळत असल्याचा दाखला

मास्तर पडले, ते 'सावधान, फरशी ओली आहे' या पाटीला अडखळून. फरशी ठणठणीत कोरडी होती. म्हणजे पाटी नसती, तर मास्तर आरामात चालत जाऊन साबण घेऊन घरी आले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण दुकानदारानं काळजी घेतली आणि मास्तर पालथे झाले. वर दुकानाच्या मॅनेजरनं धावत येऊन आधी पाटी उचलली, तिला तडा गेलाय का ते उजेडात धरून पाहिलं, आणि मग म्हणाला, "काका, जरा बघून चालायचं ना!"

मास्तरांनी मॅनेजरची माफी मागितली. मग पाटीकडेही एकदा ओशाळून पाहिलं.

आता हे मास्तर शाळेतले नव्हेत. हे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. बावीस वर्षं अख्ख्या शहराला गाडी शिकवत होते, आणि या बावीस वर्षांत त्यांनी एकाही शिकाऊ माणसावर आवाज चढवला नव्हता. बाजूचा माणूस गाडी थेट फुटपाथवर चढवायला निघाला, तरी मास्तर म्हणत, "वा, छान. आता तुम्हाला वाटलं, तर आपण रस्त्यावरूनही जाऊ शकतो." कुणाला मधेच तोडणं, चूक काढणं, नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. घरी टेलिफोनवर चुकीचा नंबर लागला, तरी पलीकडच्याची पाच मिनिटं विचारपूस करून मग हळूच सांगत, की तुम्हाला हवे ते आम्ही नाही.

तर मास्तरांचं डावं मनगट सुजून टम्म झालं. ते तसेच रुमालात हात गुंडाळून इस्पितळात गेले. एक्स-रेचा फोटो निघाला. तो हातात घेऊन हाडांचे डॉक्टर आले. दांडगे, रुबाबदार, पांढरेशुभ्र. हसून म्हणाले, "बघू हात."

आणि इथे सगळा घोटाळा झाला. मास्तरांच्या आईनं लहानपणी त्यांना बजावून ठेवलं होतं, की मोठ्या माणसापुढे डावा हात करायचा नाही. त्यामुळे मास्तरांनी अदबीनं उजवा हात पुढे केला. त्यांची समजूत अशी, की डॉक्टर आधी रीतसर ओळखबिळख करून घेतील आणि मग दुखरा हात मागतील. डॉक्टरांनी मात्र तोच हात धरला, फोटो एकदा उलटा, एकदा सुलटा धरून पाहिला आणि प्लास्टर भिजवायला घेतलं.

मास्तरांना पहिल्या वेढ्यालाच शंका आली. दुसऱ्या वेढ्याला ती पक्की झाली. तिसऱ्या वेढ्याला डॉक्टरांनी विचारलं, "काय करता आपण?" मास्तर म्हणाले, "गाडी शिकवतो." डॉक्टर म्हणाले, "अरे वा! मग सांगा, चढावर गाडी मागे का येते हो?" आता माणूस इतक्या आपुलकीनं बोलतोय, इतक्या निगुतीनं वेढे देतोय, कडा अंगठ्यानं गुळगुळीत करतोय; अशा वेळी त्याला 'हात चुकला' म्हणायचं कसं? मास्तरांनी चढावर गाडी मागे का येते ते सविस्तर सांगितलं. प्लास्टर वाळलं. डॉक्टरांनी ते टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाले, "दीड महिना पाण्यात घालू नका." मास्तर म्हणाले, "फार सुबक झालंय हो."

घरी मास्तरीणबाईंनी दार उघडलं.

"अगं बाई! दुखतोय कुठला?"

"डावा."

"मग प्लास्टर उजव्याला कसं?"

"डॉक्टरांनी घातलंय."

"डॉक्टरांनी घातलंय ते दिसतंय मला! तुम्ही तोंडात काय धरलं होतं?"

"अगं, ते मन लावून करत होते."

मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत म्हटल्यावर नववीतली लेक पुस्तक टाकून बाहेर आली. त्या घरात एवढी शांतता फक्त भूकंपाच्या आधीच होत असे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डाव्या हाताला रीतसर प्लास्टर घातलं. "आणि हे उजवं काढून टाका," मास्तरीणबाई म्हणाल्या. तशी ते डॉक्टर दोन पावलं मागे सरले. "छे छे! दुसऱ्याच्या कामाला मी हात लावत नाही. आमच्या धंद्यात ते बरं दिसत नाही." अशा रीतीनं दोन सुसंस्कृत माणसांच्या मधे सापडून मास्तरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले. पुढे दीड महिना ते घरात असे फिरत होते, की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी यांना मोठी परात धरायला सांगून निघून गेलंय. नाक खाजलं, तर दाराच्या चौकटीपाशी जात. चहा मास्तरीणबाई पाजत, आणि प्रत्येक घोटाबरोबर एकेक प्रश्न विचारत. तोंडात चहा असल्यामुळे मास्तरांना उत्तर देता येत नसे. ती सोय दोघांनाही मानवली होती.

बातमी जिन्यानं वर गेली आणि दुसऱ्या मजल्यावरचे भरपाईआजोबा खाली आले. या आजोबांनी आयुष्यात नोकरी काय केली ते कुणालाच आठवत नाही; पण निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बसवर, एका लिफ्टवर आणि नाट्यगृहातल्या एका खुर्चीवर असे तीन दावे लावून तिन्ही जिंकले, हे सगळ्या इमारतीला पाठ होतं. एरवी ते टुणटुणीत चालत. फक्त तारखेच्या दिवशी सकाळपासून लंगडायला सुरुवात करत, म्हणजे दुपारपर्यंत सराव होतो.

त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात डोळे भरून पाहिले. "मास्तर," ते गहिवरून म्हणाले, "लोक जन्मभर पडतात. पण असं पडायला नशीब लागतं. दावा लावा."

"कुणावर हो?"

"इस्पितळावर. व्यावसायिक निष्काळजीपणा! डॉक्टरनं दोन हातांतला एक ओळखायचा होता. दोनांतला एक! यात कापसाचा बोळासुद्धा चुकला नसता."

"मला भरपाईबिरपाई नको. त्यांनी नुसतं 'चूक झाली' म्हटलं, तरी पुरे."

"तेच तर सगळ्यात महाग असतं," आजोबा म्हणाले.

तक्रार लेकीनं लिहिली, कारण मास्तरांना लेखणी धरता येत नव्हती. मास्तर सांगत, ती लिही. मास्तर म्हणाले, 'माझ्या हाताला थोडा त्रास झाला.' लेकीनं लिहिलं, 'माझे वडील यातनांच्या महासागरात नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडाले.' मास्तर म्हणाले, "अगं, एवढं नाही झालं." लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प बसा. गप्प बसण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही. आणि आता तर दोन्ही धरता येणार नाहीत."

वकील आजोबांनीच शोधून दिला. झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर बसणारा, तरुण, तरतरीत. शिडी चढून जावं लागे. हात न वापरता शिडी चढणाऱ्या मास्तरांना पाहून त्याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

"झोप लागते का?" त्यानं विचारलं.

"लागते की."

"लागत नाही, असं लिहितो."

"पण लागते हो. गाढ."

"मास्तर, तुम्ही झोपलात, तर केस कोण जागवणार? बरं, दचकून उठता?"

"नाही."

"एकदा तरी?"

"एकदा हीनं हाक मारली तेव्हा उठलो होतो."

"झालं!" म्हणत वकिलानं लिहिलं, 'वारंवार दचकून उठतात.'

इस्पितळाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. चांगलं पाच पानी होतं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, हीच त्यातली मेख. रुग्ण पूर्ण शुद्धीत होता. रुग्णानं उजवा हात आपणहून पुढे केला. रुग्ण वीस मिनिटं हसून-खेळून गप्पा मारत होता. रुग्णानं प्लास्टरची तारीफ केली. 'सबब,' शेवटी म्हटलं होतं, 'सदर रुग्णास डावे व उजवे यांतील फरक कळत नाही असे दिसते. रुग्णाचा व्यवसाय वाहन-प्रशिक्षक असा असल्याने लोकांच्या सुरक्षिततेसाठी या पत्राची एक प्रत वाहतूक कार्यालयास पाठवीत आहोत.'

त्या एका प्रतीनं मास्तरांच्या पोटावर पाय दिला. चौथ्या दिवशी वाहतूक कार्यालयातून कागद आला: पुढील आदेशापर्यंत गाडी चालवण्याचा आणि शिकवण्याचा परवाना स्थगित.

प्लास्टरं निघाली त्याच दिवशी मास्तर वाहतूक कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता कागद वाचला.

"डावं-उजवं कळत असल्याचा दाखला आणा."

"अहो, दाखला कशाला? हा बघा डावा. हा उजवा."

"तोंडी चालत नाही."

"तोंडी कुठे, हात दाखवतोय की!"

"हाताचंही चालत नाही. सही-शिक्का लागतो. मान्यताप्राप्त हाडांच्या डॉक्टरांचा."

"कोण आहेत ते?"

कारकुनानं यादी काढली. यादीत एकच नाव होतं. ते कुणाचं, हे सांगायला नकोच.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, मास्तरांचे माजी विद्यार्थी जागे झाले. शिकवणाऱ्यालाच डावं-उजवं कळत नव्हतं, ही बातमी लागताच सव्वीस जणांना आपापले जुने अपघात आठवले. कुणी दुधाच्या गाडीला घासला होता, कुणाचा आरसा तुटला होता. एका बाईंचं म्हणणं तर असं, की त्या अकरा वर्षांपूर्वी उजवीकडे वळल्या, म्हणून त्यांना पुढे नवरा भेटला. तर या सगळ्याला जबाबदार कोण? सव्वीस जणांनी मिळून मास्तरांना नोटीस पाठवायची ठरवली. व्यावसायिक निष्काळजीपणा! तिचा मसुदा भरपाईआजोबांनी करून दिला.

"आजोबा, तुम्हीसुद्धा?" मास्तर कळवळून म्हणाले.

"हे बघा, तुमच्या केसमध्ये मी तुमच्याच बाजूनं आहे," आजोबा म्हणाले. "त्यांच्या केसमध्ये त्यांच्या. माझ्याकडे भेदभाव नाही."

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. बावीस वर्षं गल्लीतून जाताना पोरंसोरं 'मास्तर, हॉर्न द्या' म्हणायची. आता 'मास्तर, तुमचा डावा कुठला?' म्हणू लागली होती. आणि वाईट याचं, की चारचौघांत अचानक कुणी विचारलं, की मास्तर क्षणभर खरंच अडखळत. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी खाली कापडाखाली उभी होती. मास्तर रोज तिची काच पुसून वर येत.

सुनावणी समेटसाहेबांपुढे लागली. म्हणजे दावे कोर्टात जाण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून मिटवणारे अधिकारी. साहेब वयस्क, चष्मा नाकाच्या टोकाला. त्यांनी दोन्ही वकिलांचं ऐकून घेतलं. इस्पितळाचा वकील म्हणाला, याला डावं-उजवं कळत नाही. मास्तरांचा वकील म्हणाला, कळतं. हे असं पाऊण तास चाललं. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "चला, प्रत्यक्षच बघू. गाडी कुठाय?"

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली. पण परवाना स्थगित असल्यामुळे मास्तरांना चालवता येईना. ते बाजूला बसून नुसतं तोंडी सांगणार, असं ठरलं. चालवणार कोण? मास्तरांच्या वकिलाला गाडी येत नव्हती. इस्पितळाचा वकील परीक्षेत तीनदा नापास झालेला. साहेबांनी गेली कित्येक वर्षं मागच्या सीटशिवाय दुसरी सीट पाहिली नव्हती. उरले डॉक्टर.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम का आला, ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टर चाकाशी, शेजारी मास्तर, मागे साहेब आणि दोघा वकिलांची कोंबाकोंबी. गाडी निघाली. पहिला चौक आला.

"इथून आपण डावीकडे घेऊ या," मास्तर नम्रपणे म्हणाले.

डॉक्टर उजवीकडे वळले.

मास्तरांना वाटलं, असेल त्यांचं काही काम तिकडे. दुसऱ्या चौकात ते पुन्हा म्हणाले, "आता डावीकडे, सवडीनं." डॉक्टर पुन्हा उजवीकडे. तिसऱ्या चौकात तेच. चौथ्यातही तेच. चार वळणं संपली तेव्हा गाडी समेटसाहेबांच्या कचेरीच्या त्याच फाटकाशी येऊन उभी राहिली, जिथून ती निघाली होती. साहेब वाटभर फाइल वाचत होते. त्यांनी मान वर केली, फाटक ओळखीचं दिसलं, तसे खूश झाले.

"साहेब, बघितलंत?" इस्पितळाचा वकील ओरडला. "हे डावं म्हणाले आणि गाडी उजवीकडे गेली! चारही वेळा!"

"पण हे तर डावंच म्हणाले ना!" मास्तरांचा वकील ओरडला.

साहेबांनी बराच विचार केला. तोंडी सूचना डावीकडची होती. गाडी उजवीकडे गेली. डॉक्टर सरकारमान्य. तेव्हा त्यांनी लिहिलं: 'सूचना आणि वाहन यांत मेळ नाही. वाहनाची यांत्रिक तपासणी व्हावी. पुढील तारीख महिन्यानंतर.'

मास्तर घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चार वेळा? चार वेळा तो माणूस उलटा वळला आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, रस्ता त्यांच्या पाहण्यातला असेल."

"उद्या कुणी आपलं घर स्वतःच्या नावावर करून आलं, तरी तुम्ही म्हणाल, बसा, दमला असाल!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात डॉक्टर. एकटेच, हातात बॅग. रुबाब कुठेतरी गळून पडलेला. मास्तर धडपडत उठले, "या, या, बसा" झालं. मास्तरीणबाईंनी चहा ठेवला, पण कप जरा जोरातच आपटले. लेक पडद्याआड उभी राहिली. पडदा हलत होता आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

"मास्तर," डॉक्टर चहाकडे बघत म्हणाले, "गाडी ठीक आहे तुमची. मला... मला डावं-उजवं कळत नाही."

पडदा हलायचा थांबला.

"लहानपणापासूनच. चित्र बघून हाड कुठलं, कसं तुटलंय, सगळं झटक्यात सांगतो. पण डावं कुठलं म्हटलं, की डोक्यात धुकं. घड्याळ असतं तो डावा, असं ठरवून टाकलं होतं. त्यावर सगळं शिक्षण केलं, वीस वर्षं काम केलं. नर्सबाईही आधी पेनानं खूण करून ठेवायच्या. त्या दिवशी नर्सबाई रजेवर होत्या, आणि घड्याळ दुरुस्तीला."

"मग आज?" मास्तरांनी विचारलं. "आज तर घड्याळ आहे."

"आलं ना दुरुस्त होऊन. पण आता ते घालायचं कुठल्या हातात, तेच आठवेना." त्यांनी हात पुढे केले. घड्याळ उजव्या मनगटावर होतं. "दोन महिने झाले. कुणाला विचारू? हाडांचा डॉक्टर असं विचारतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

मास्तरांना एकदम त्या दांडग्या माणसाची दया आली. हा माणूस विचारायला लाजला आणि आपण सांगायला लाजलो; दोघांच्या लाजेपायी एवढं प्लास्टर खर्ची पडलं. "अहो, त्यात काय एवढं!" ते म्हणाले. "माझ्याकडे अर्धे लोक तसेच येतात. तीस दिवसांचा कोर्स आहे. पोराबाळांना जमतं, तुम्हाला न जमायला काय झालं?"

"शिकवाल?"

"शिकवतील," मास्तरीणबाई मधेच म्हणाल्या, "पण परवाना आल्यावर. आणि परवाना तुमच्या दाखल्यावर अडलाय. तेव्हा आधी कागद काढा. 'चूक माझी' असं इस्पितळाला एक लिहा, एक वाहतूक कार्यालयाला लिहा. आणि हे तीस दिवस पुरे होईपर्यंत कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. नुसते फोटो बघायचे."

डॉक्टरांनी मुकाट्यानं मान डोलावली. दोन्ही पत्रं लिहिली. लेक आता उघडपणे पडद्याबाहेर येऊन त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. 'यातनांचा महासागर' घालायचा का, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हवं तर घाला. मग त्यांनी बॅगेतून दाखल्याचा छापील फॉर्म काढला आणि वळणदार अक्षरात भरला: 'सदर गृहस्थांस डावे व उजवे यांतील फरक उत्तम कळतो, हे मी स्वतः तपासून पाहिले आहे.' खाली सही केली. शिक्का उमटवला. मास्तरांचा ऊर भरून आला. बावीस वर्षांची अब्रू त्या चिटोऱ्यावर परत आली होती.

तळाशी एक चौकट राहिली होती. 'अर्जदाराच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, डॉक्टरांसमक्ष.' आणि फॉर्म एकच होता.

डॉक्टरांनी शाईची डबी उघडली. पुढे वाकून मास्तरांचा हात हळुवारपणे धरला, अंगठा निगुतीनं शाईत टेकवला, कडेची जास्तीची शाई रुमालानं टिपली. तोच तो आपलेपणा, तीच ती तन्मयता. हात उजवा होता.

मास्तरीणबाई पुढे झुकल्या. लेकीनं तोंडावर हात घेतला. दोघीही मास्तरांकडे बघत राहिल्या. अंगठा कागदाच्या दिशेनं निघाला.

"थांबा!" मास्तर ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की वरच्या मजल्यावर भरपाईआजोबांची काठी पडल्याचा आवाज आला. "हा नव्हे, डॉक्टर. दुसरा!"

अंगठा कागदापासून बोटभर अंतरावर थांबला. डॉक्टर थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मास्तरांचा उजवा हात अलगद खाली ठेवला आणि डावा हातात घेतला.

"एवढं बोलता येतं तुम्हाला!" ते म्हणाले. "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

मास्तर संकोचले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "आपली ओळख नव्हती ना."